आमचा वाटा माफ करून घेऊ नका : कोकणातल्या जमातींना खुले पत्र

आदरणीय सदरसाहेब, सेक्रेटरीसाहेब, खतीबसाहेब आणि कोकणातल्या गावोगावच्या जमातींमधले सगळे बुजुर्ग,

अस्सलामु अलैकुम.

मी खेड तालुक्यातली. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. हे पत्र कुणा एका गावच्या जमातीसाठी नाही. खाडीच्या अलीकडे-पलीकडे, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत जिथे जिथे आपली मशीद आहे आणि मशिदीसोबत गावातल्या मुसलमानांचा कारभार बघणारी जमात आहे, तिथे तिथे ते पोचावं अशी इच्छा आहे.

पत्र उर्दूत लिहिलं असतं तर जास्त अदबीचं वाटलं असतं, असं माझे मिस्टर म्हणाले. मी मराठीत लिहिते आहे, कारण आपल्या घरातली बोली याच मातीतली आहे आणि आपल्या बायकांचा वारशातला वाटा ज्या कागदांवरून जातो तेही सगळे मराठीत असतात. सातबारा मराठीत, वारस तपास मराठीत, हक्कसोडपत्र मराठीत. वाटा दिला गेला तो अरबीत. काढून घेतला जातो तो मराठीत.

आधी माझ्याच घरातलं सांगते, म्हणजे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवते आहे असं कुणाला वाटायला नको.

१९९८ साल, पावसाळा तोंडावर आला होता. सासरे जाऊन दोन महिने झाले होते. मागे सासूबाई, दोन मुलगे, तीन मुली. माझे मिस्टर थोरले. दीर कुवेतला असायचे, ते सुट्टी वाढवून थांबले होते. घर, घरामागची वाडी, हापूसची चाळीसेक कलमं आणि खाली भाताची खाचरं, एवढी इस्टेट. तिघी नणंदांना बोलावून घेतलं आणि आम्ही सगळे जीप करून तालुक्याला सब-रजिस्टर ऑफिसात गेलो. बाँड रायटरने कागद टाईप करून ठेवलाच होता. बाकड्यावर बसल्या बसल्या धाकटीने मला विचारलं, "भाभी, यात काय लिवलाय?" मी म्हटलं, "काही नाही गं, बाबांची जमीन भावांच्या नावावर करायची आहे, त्याला तुमच्या सह्या लागतात."

त्यात काय लिहिलं होतं ते मी आधीच वाचलं होतं. "मी माझ्या स्वखुशीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, बंधुप्रेमापोटी, विनामोबदला माझा हक्क कायमचा सोडून देत आहे." आठवी शिकलेल्या मुलीला हे वाक्य समजलं असतं. मी ते तिला वाचून दाखवलं नाही. रोज चाळीस मुलांना वाचून दाखवणारी बाई मी, त्या दिवशी नेमकं तेवढंच वाचलं नाही.

तिघींनी सह्या केल्या, मग अंगठे दिले. शाई पुसायला काही नव्हतं. धाकटीने अंगठा ओढणीच्या टोकाला पुसला. पिवळी ओढणी होती, डाग गेला नाही, आणि ती ओढणी पुढे दोन ईदांना तिच्या अंगावर मी पाहिली. परत येताना दिरांनी बाजारात जीप थांबवून तिघींना एकेक ड्रेसपीस घेतला. त्यानंतर दर मे महिन्यात तिघींच्या घरी आंब्याची एकेक पेटी जाऊ लागली. पेटी पोचली की तिघी फोन करायच्या, भावांना दुवा द्यायच्या, आणि आम्हांला आपण फार चांगले आहोत असं वाटायचं.

२०११ मध्ये धाकटीचा नवरा गेला. मुंब्र्याला भाड्याची खोली होती, दोन मुली शिकत होत्या. भाडं परवडेना तेव्हा ती गावी आली. पडवीच्या एका बाजूला तिने आपलं सामान लावलं. आम्ही तिला कधी वाकडा शब्द बोललो नाही. पण एके दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भाभी, एक नारळ घेऊ?"

ते माड तिच्या बापाने लावलेले. लहानपणी तिने त्यांच्या बुंध्याला घमेल्याने पाणी घातलेलं. आणि ती माझी परवानगी मागत होती.

त्या रमजानमध्ये मी मिस्टरांसमोर तो विषय काढला. ते गप्पच बसले. मग मी वाडीतल्या आठ सुपाऱ्या आणल्या आणि चटईवर मांडल्या. कुराणातल्या सूरह निसाचा हिशेब आहे : मुलंबाळं असली की बायकोला आठवा हिस्सा. उरलेल्या सात अष्टमांशात मुलाला दोन भाग, मुलीला एक. दोन मुलगे म्हणजे चार भाग, तीन मुली म्हणजे तीन भाग, एकूण सात. आमच्या घरचा हिशेब असा सरळ सुटतो, एका सुपारीचाही तुकडा पाडावा लागत नाही. एक सासूबाईंची, तिघींच्या एकेक, भावांच्या दोन-दोन. सासूबाई तेव्हा हयात होत्या, शेजारी बसल्या होत्या. त्यांनी एक सुपारी उचलली आणि विचारलं, "ही माझी?" पन्नास वर्षं त्या घरात काढलेल्या बाईला नवऱ्याच्या मागे आपलाही वाटा आहे हे माहीतच नव्हतं. सातबाऱ्यावर मुलांच्या खाली त्यांचं नाव होतं, पण ते वाचून दाखवणारं कुणी भेटलं नव्हतं.

बहिणींच्या तीन वाट्यांतला दीड आमच्याकडे आला होता, दीड दिरांकडे. मिस्टरांनी एका आलिमसाहेबांना विचारून खात्री करून घेतली आणि २०१३ मध्ये आमच्याकडचा दीड वाटा तिघींच्या नावे रजिस्टर हिबा, म्हणजे बक्षीस, करून दिला. दिरांनी त्यांच्याकडचा दिला नाही. त्यांच्याशी येणंजाणं आहे, एका दस्तरखानावर बसणं आहे, पण तो विषय निघाला की ते उठून जातात. म्हणजे आमच्या घरचं काम अजून अर्धंच झालं आहे. मिस्टरांनी जमातीपुढे विषय मांडला. उत्तर मिळालं, "हा तुमचा घरगुती मामला आहे."

या उत्तरासाठीच हे पत्र आहे.

लग्नात बँड वाजवला तर आपल्याकडे कित्येक गावांत जमात दंड करते. निकाह कोणी लावायचा, वलीमा कसा करायचा, यावर बैठका होतात. नवराबायकोचं भांडण जमातीपुढे येतं. तेव्हा कोणी म्हणत नाही की हे घरगुती आहे. मग ज्या गोष्टीवर कुराणाने अपूर्णांकांत बोलून ठेवलं आहे तीच तेवढी घरगुती कशी?

मी गणित शिकवत होते, म्हणून मला हे फार जाणवतं. नमाजाच्या किती रकअती हे कुराणात आकड्यांत लिहिलेलं नाही. ते आपल्याला हदीसमधून, सुन्नतमधून कळतं. पण वारशाचे वाटे थेट आयतींत आहेत : अर्धा, पाव, आठवा, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, सहावा. सूरह निसाची ७ वी आयत सांगते की आईबाप आणि जवळचे नातलग जे मागे ठेवून जातात त्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही हिस्सा आहे, ते थोडं असो की जास्त. आणि हा हिस्सा "मफ्रूदा" आहे, म्हणजे ठरवून दिलेला, फर्ज केलेला. पुढे ११ व्या आणि १२ व्या आयतीत वाटे येतात. आणि लगेच १३ आणि १४ : या अल्लाहने घातलेल्या हद्दी आहेत, जो ओलांडेल त्याच्यासाठी आग आहे. वाट्यांचा हिशेब संपताच ही ताकीद येते. हे तुम्हांला मी सांगायचं नाही, तुम्ही हाफिज आहात, आलिम आहात. पण या आयतींवरचं बयान मी माझ्या ६३ वर्षांच्या आयुष्यात आमच्या मशिदीच्या भोंग्यावरून एकदाही ऐकलेलं नाही. मी भोंग्याच्या टप्प्यातच राहते.

या आयती कुणासाठी उतरल्या त्याची रिवायत तिरमिजी आणि अबू दाऊद या हदीस-संग्रहांत आहे. साद बिन रबी उहुदच्या लढाईत शहीद झाले. त्यांच्या बेवा दोन मुलींना घेऊन रसूलुल्लाहकडे आल्या आणि म्हणाल्या, मुलींच्या चुलत्याने सगळा माल घेतला आहे, मुलींसाठी काहीच ठेवलं नाही. आयत उतरल्यावर नबींनी त्या चुलत्याला बोलावून सांगितलं : मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, त्यानंतर उरेल ते तुझं. बघा, तक्रार घेऊन आली ती एक विधवा. तिला "हा तुमचा घरगुती मामला" असं उत्तर मिळालं नाही. चुलत्याला बोलावणं धाडलं गेलं. आणि वाटपाचा क्रमही कसा लावून दिला : आधी मुली, मग आई, पुरुषाचं शेवटी, उरेल ते.

११ व्या आयतीतलं ते वाक्यही लक्षपूर्वक वाचा. मुलाचा वाटा दोन मुलींच्या वाट्याइतका. माप मुलीचा वाटा आहे. त्याने मुलाचा मोजायचा आहे. ज्या घरात मुलीला शून्य दिलं, तिथे मुलाचा वाटा कशाने मोजला?

इतिहासातल्या दोन गोष्टी सांगते, कारण आपण "शरियत वाचवा" म्हणताना त्या विसरलेलो असतो. १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात हिरबाई विरुद्ध सोनबाई हा खोजा बिरादरीतला खटला चालला. बापाच्या मालमत्तेत कुराणाप्रमाणे मुलींचा हिस्सा मिळावा, हा त्यातला दावा. समोरच्या बाजूने सांगितलं गेलं की आमच्या बिरादरीत मुलीला वारसा देण्याचा रिवाज नाही. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी रिवाज उचलून धरला आणि कुराणाचा दावा फेटाळला. त्यानंतर खोजा, कच्छी मेमन, पंजाबचे जमीनदार, ठिकठिकाणच्या मुस्लिम मुली नव्वद वर्षं रिवाजापायी हिस्सा गमावत राहिल्या. १९३७ मध्ये शरियत कायदा आला तो या रिवाजाला बाजूला सारण्यासाठी. त्याच्या उद्देशपत्रातच लिहिलं आहे की मुस्लिम महिलांच्या संघटनांनी रिवाजी कायद्याचा निषेध केला आहे आणि आम्हांला शरियत लागू करा अशी मागणी केली आहे. ज्या कायद्यासाठी आज आपण रस्त्यावर उतरायला तयार असतो, तो बायकांनी आपल्या वाट्यासाठी मागून घेतलेला कायदा आहे.

२०२३ मध्ये विधी आयोगाने समान नागरी कायद्यावर मतं मागवली तेव्हा आमच्या मशिदीच्या दारावर क्यूआर कोड चिकटवला होता. बायकांनीही हरकती पाठवाव्यात म्हणून घरोघर निरोप आले. मीही पाठवली. माझ्या नणंदेनेही तिच्या मुलीच्या मोबाइलवरून पाठवली. पाठवून झाल्यावर ती म्हणाली, "भाभी, माझा शरियतचा हिस्सा तर तुम्ही तालुक्याला नेऊन सोडवून घेतलात ना?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही देऊ शकाल का?

चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई आपल्याच कोकणातले. १९६६ मध्ये त्यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. तुम्ही त्यांचं ऐकलं नाही. त्यांना शरियतच नको आहे, असं तुमचं म्हणणं होतं. ठीक. मी ते मागत नाही. मी फक्त सूरह निसाच्या ११ व्या आयतीत लिहिलेलं मागते आहे. याला काय उत्तर आहे?

उत्तरं मला पाठ आहेत, कारण मीच ती वर्षानुवर्षं दिलेली आहेत. पहिलं : "लग्नात दिलं की तिला." शरियतमध्ये वारसा बापाच्या मृत्यूनंतर सुरू होतो. हयातीत बापाने मुलीला दिलं ते त्याने खुशीने दिलेलं; मुलाच्या शिक्षणावर आणि दुबईच्या व्हिसावरही बापाने खर्च केलेलाच असतो. त्याचा हिशेब कोणी मुलाच्या वाट्यातून वजा करत नाही. आणि बाप जिवंत असताना मुलीकडून "मला माझा हिस्सा मिळाला" असं लिहून घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की जो हक्क अजून निर्माणच झालेला नाही तो सोडता येत नाही. मुस्लिम कायदा तेच सांगतो, देशाचा कायदाही तेच सांगतो. अपवाद एवढाच, की तिने खरोखर मोबदला घेतला असेल आणि त्यावर विसंबून बाकीचे वागले असतील, तर पुढे तिला मागता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये म्हटलं आहे. ड्रेसपीस हा मोबदला नव्हे.

दुसरं : "शेतीचे तुकडे पडतात." आपल्याकडे कलमं ठेक्याने देतात, पैसे रोख हातात येतात. त्या पैशांचे आठ वाटे करायला एकाही कलमाची फांदी तोडावी लागत नाही. सातबाऱ्यावर सहाही वारसांची नावं सामाईक राहू शकतात. आणि १९३७ च्या कायद्यातून शेतजमीन वगळली आहे, हे कारण काही शिकलेली मंडळी पुढे करतात. ती वगळली गेली कारण तेव्हा शेतजमीन हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय होता. मद्रासने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये कायदा बदलून शेतजमीन आत घेतली. पण मी तुम्हांला, जमातीला, विचारते आहे, सरकारला नाही. "थोडं असो की जास्त" असं म्हणणाऱ्या आयतीत भाताच्या खाचराला सूट कुठे दिली आहे?

तिसरं उत्तर सगळ्यांत जड आहे : "तिने खुशीने सोडलं." बहिणी खुशीने सोडत नाहीत. त्या माहेर राहावं म्हणून सोडतात. बाळंतपणाला यायला, नवऱ्याने हात उगारला तर एक रात्र पाठ टेकायला, ईदला कुणीतरी आपली वाट बघतंय असं वाटायला एक घर लागतं. हिस्सा मागितला की ते घर बंद होईल, ही भीती प्रत्येक मुलीच्या पोटात असते. तुम्हांला वाटत असेल हे फक्त आपल्यात आहे, तर तसं नाही. आम्ही सब-रजिस्टर ऑफिसात बसलो होतो तेव्हा शेजारच्या बाकड्यावर आमच्याच वाडीवरची एक कुणबी बाई तिच्या भावांसोबत तसलाच कागद घेऊन बसली होती. तिची चोळी-बांगडी, आमच्या पोरींची ईदी. भीती एकच. फरक एवढाच की आपण स्वतःला सांगतो, आमच्या धर्मात बाईला चौदाशे वर्षांपूर्वीच हक्क दिला आहे. दिला आहे हे खरं आहे. म्हणून तर तो काढून घेणं आपल्या अंगावर जास्त येतं.

खुशी तपासायची एक साधी रीत आहे. आधी तिचं नाव लावा. एक हंगाम तिच्या वाट्याचे पैसे तिच्या हातात द्या. ते मोजून, खर्चून झाल्यावर तिला भावाला परत द्यावंसं वाटलं तर ती देईल, आणि ती खरी खुशी असेल. जे हातात कधी आलंच नाही ते बाई खुशीने देते कशी?

आता निम्म्या वाट्याबद्दल. माझ्या मुलीचा प्रश्न आहे, आणि आजच्या शिकलेल्या प्रत्येक मुलीचा आहे : भावाइतकीच मी कमावते, आईबापाचं आजारपण मीच काढते, मग माझा वाटा निम्मा का? त्या प्रश्नाला मी टाळू इच्छित नाही. आईबापाला हयातीत हिबा करता येतो, आणि मुलांना देताना बरोबरी ठेवा ही नुमान बिन बशीर यांची हदीस 'बुखारी' आणि 'मुस्लिम' या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे. आपण कोकणी मुसलमान शाफई मजहब, म्हणजे इमाम शाफईंची शिकवण, मानणारे आहोत. हयातीतल्या देणगीत मुलगा-मुलगी सारखं द्यावं हे आपल्या मजहबमध्ये चांगलं मानलं आहे. आम्ही दोघांनी तसंच ठरवलं आहे, आणि हिबा म्हणजे नुसता कागद नव्हे, ताबाही द्यावा लागतो हे समजून ठरवलं आहे. ज्यांना फक्त मुलीच आहेत त्यांची अडचण आणखी मोठी. दोन किंवा जास्त मुली असल्या तरी सगळ्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि बायकोचा आठवा सोडला तर बाकीचं बापाच्या भावांकडे. केरळमधले वकील आणि नट सी. शुक्कूर यांना तीन मुली आहेत. त्यांनी ८ मार्च २०२३ ला स्वतःच्याच बायकोशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं, ते मुलींना सगळी मालमत्ता मिळावी म्हणून. त्यांच्यावर टीका झाली. मला त्यांच्या जागी बसलेला बाप दिसतो. भावाचा हिस्सा त्याच्या जबाबदारीसोबत येतो, असं आपण सांगत आलो. पण भावाच्या अनाथ मुलींची फी भरणारे चुलते किती आहेत तुमच्या मोहल्ल्यात? मोजून बघा. तसंच, बापाच्या आधी मुलगा गेला तर त्याची मुलं चुलत्यांमुळे बाहेर पडतात, आणि बायकोला तर सासऱ्याच्या वारशात वाटाच नसतो. त्यांच्यासाठी आजोबाला एक तृतीयांशापर्यंत वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, करता येते. हे त्याला जिवंतपणी कोणी सांगायचं? खतीबसाहेब, तुम्हीच.

मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली रक्कम, याबद्दल एक सांगायचं आहे, ते माझ्या अम्माचं आहे. अब्बांची मय्यत घरात होती. गुसल झालं होतं, चेहरा शेवटचा बघायला उघडा ठेवला होता. दोन वयस्क बायकांनी अम्माला धरून पुढे आणलं आणि म्हणाल्या, "म्हण, मेहेर माफ केला." अम्मा नुसती थरथरत होती. तिच्या तोंडून शब्दच फुटेना. तेव्हा एकीने तिच्या वतीने म्हटलं, "केला केला," आणि जनाजा उचलला गेला. न दिलेला मेहेर हे मयताच्या डोक्यावरचं कर्ज आहे. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत, मग वाटे, हा क्रम आहे. बाकी कोणत्याही सावकाराला आपण प्रेताजवळ उभं करून "माफ केलं म्हण" असं म्हणतो का? ही रीत तेवढी बंद करा. एका बयानात बंद होईल.

कागदांच्या बाजूचंही थोडं बोलते, कारण जमातीतले बरेच जण तलाठ्याकडे सोबत जातात, साक्षीला अंगठे देतात. माणूस गेला की तीन महिन्यांच्या आत वारसांची माहिती तलाठ्याला द्यायची असते; आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण काम तेच. त्या अर्जात आपल्याकडे फक्त मुलग्यांची नावं लिहिली जातात, किंवा बहिणींची नावं "इतर हक्क" या रकान्यात ढकलली जातात. त्या अर्जावर गावातल्या माणसांच्या सह्या असतात. एक बहीण वगळलेल्या अर्जावर सही करणं ही खोटी साक्ष आहे. हे मी तुम्हांला शिकवायला नको. आणि बहिणींनाही सांगा की फेरफार म्हणजे मालकी नव्हे. नाव लागलं नाही म्हणून हक्क गेला असं होत नाही. भाऊ जमीन कसतो म्हणजे तो सगळ्यांच्या वतीने कसतो असंच कायदा धरतो, जोवर तो उघडपणे तुझा हक्क नाही असं म्हणत नाही. तसं त्याने म्हटलं की मात्र बारा वर्षांची मुदत चालू होते. मुंबई-गोवा महामार्ग रुंद करायला जमिनी गेल्या तेव्हा बघा काय झालं. मोबदल्याच्या कागदांवर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागल्या, आणि वीस-वीस वर्षं ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्या बहिणींना भावांचे फोन गेले. सही करायला या. काहींनी पैसे दिले, काहींनी परत "माफ कर" म्हटलं.

माझं मागणं फार मोठं नाही. निकाहाचं रजिस्टर जमात किती जपते ते मला माहीत आहे. मेहेरचा आकडा, वकील, दोन गवाह, सगळं त्यात असतं. तसंच मयताचंही रजिस्टर ठेवा. दफन झालं की नाव, तारीख आणि त्याखाली वारस : बायको, आई, मुलगे, मुली, प्रत्येकाचा वाटा. आलिमसाहेबांनी अपूर्णांक लिहून द्यावेत. नाहीतर मी येऊन लिहून देईन, मला ते जमतं. चाळिसाव्याला गाव जेवतं, त्याआधी घरातल्या बायकांना बसवून तो कागद मोठ्याने वाचून दाखवा. वाटप तेव्हाच होईल असं नाही. पण धाकट्या मुलीला कळेल की आपल्या नावापुढे एक आकडा आहे. आणि बाप गेल्याला वर्ष व्हायच्या आत कोणी बहिणीचं हक्कसोडपत्र घेऊन आलं तर जमातीच्या एकाही माणसाने त्यावर साक्षीची सही करू नये, असा ठराव करा. ठरावाला पैसे लागत नाहीत.

माझ्या दिरांसारख्या माणसांचा मला राग नाही. ते कुवेतच्या उन्हात बावीस वर्षं राबले, बहिणींच्या लग्नांची कर्जं त्यांनीच फेडली. त्यांना वाटतं आपण बहिणींसाठी खूप केलं, आणि केलंच आहे. पण हिस्सा ही त्यांच्या केल्या-न केल्याची गोष्ट नाही. तो त्यांचा नव्हताच. हे त्यांना बायकोने किंवा भावजयीने सांगून पटत नाही. मिंबरवरून सांगितलं तर पटेल. ते दर जुम्म्याला पहिल्या सफमध्ये बसतात.

येत्या जुम्म्याला सूरह निसाच्या ७ ते १४ या आयती घ्या, आणि तर्जुमा आपल्या बोलीत करा. आमच्या मशिदीत बायकांना जागा नाही, त्याचं आज काही म्हणत नाही. भोंगा पडवीपर्यंत नीट ऐकू येतो. धाकटी अजून तिथेच राहते. आम्ही दोघी एक वाजता पडवीत येऊन बसू.

खुदा हाफिज.

तुमचीच एक बहीण,
निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
खेड तालुका, जिल्हा रत्नागिरी